मास्तर आणि चिंध्यांची कार्डं

मास्तरांनी उभा जन्म कोट शिवण्यात घालवला, आणि जो कोट शिवत नाही त्याला शिंपी म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. झबली-परकर शिवणारे त्यांच्या लेखी नुसते टाचणारे. तयार कपड्यांनी दुकान गिळलं तेव्हा ते आपलं मशीन घेऊन मुलाच्या घरी आले, खिडकीपाशी मांडलं, आणि अंगात कोट घालायची आता कुणाची लायकीच उरली नाही असं जाहीर करून पेपर वाचत बसले.

त्या मशीनवर सूनबाईने कागद शिवला. साधा नव्हे, जाड कार्ड. त्यावर चिंध्यांचं घर, चिंध्यांचा फुगा, चिंध्यांचा पक्षी. कडा न दुमडलेल्या, सुतं निघालेली, दोऱ्याची टोकं गाठ न मारता लोंबती सोडलेली. आत वाढदिवसाच्या शुभेच्छा. कागदाने सुई बोथट होते हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण नजर पक्ष्यावर गेली.

"याला काय झालंय? पाय मोडलाय?"

"उडतोय तो, बाबा."

"उडू दे, उडू दे. इथे बसला तर माझं नाव जाईल."

लोक पैसे मोजून हे नेतात, याचा मास्तरांना विशेष संताप. बायका घरी यायच्या, लोंबत्या दोऱ्याला बोट लावून "अगं बाई, किती गोड!" म्हणायच्या. बाही सूतभर उतरली म्हणून डोकं खाणारी गिऱ्हाइकं मास्तरांनी सोसली होती. ही माणसं वाकड्या घराला गोड म्हणत होती. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

मग भेटवस्तूंच्या एका दुकानातून मोठी मागणी आली आणि सूनबाईचे हात पुरेनात. मास्तरांना कुणी बोलावलं नाही, ते आपणहून उठले. खरं सांगायचं तर खिडकीत बसून जगाला नावं ठेवायचासुद्धा कंटाळा येतो, आणि 'मास्तर, तुमच्याशिवाय अडलंय' हे ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. मेले तरी कबूल केलं नसतं. "शिवण कशाला म्हणतात ते बघ," एवढंच म्हणाले आणि मशीनवर बसले.

कडा दुमडलेल्या, कोपरे टोकदार, टाके एकसारखे, एक दोरा बाहेर नाही. दुकानवाल्या बाईंनी नेमकी तेवढीच कार्डं परत पाठवली. छापलेली वाटतात म्हणे, गिऱ्हाइकाला हाताने केलेली हवीत.

"हाताने? मग मी काय पायाने केली?"

सूनबाईने हसू दाबलं. "बाबा, थोडं वाकडं घाला ना. मुद्दाम."

"वाकडं शिवायला शिंपी कशाला लागतो? तुझा नवरा आहे की!"

पण ते 'छापलेली' मनाला लागलं. दुपारी घर रिकामं झाल्यावर मास्तर हातसुई घेऊन बसले. आज असा सरळ टाका घालायचा की त्या बाईची बोलती बंद झाली पाहिजे. ठेवणीतली कोटाच्या कापडाची चिंधी काढली, घर कापलं, कार्डावर लावलं आणि छपरापासून सुरुवात केली.

पहिली ओळ मध्येच घसरली. उसवली. दुसरी त्याहून घसरली. मास्तरांनी चष्म्याला शिव्या दिल्या, दोऱ्याला दिल्या, हल्लीच्या सुयांना तर यथेच्छ दिल्या. मग सुई हवेत धरून पाहिली, आणि शिव्या द्यायला कुणी उरलं नाही. टोक थरथरत होतं. मशीनवर कापड सरळ पुढे जातं, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. मास्तर घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच हाताची भीती वाटली त्यांना.

पुन्हा उसवायला घेणार तोच सूनबाई आली. तिने कार्ड उचललं, उजेडात धरलं.

"बाबा! जमलं की तुम्हाला! हे छप्पर बघा, कसलं सुंदर वाकडं आलंय. त्या बाई खूश होतील."

मास्तरांनी उजवा हात मांडीखाली सरकवला.

"मग? असं वाकडं घालायचं म्हणजे खायचं काम नाही."

"अजून कराल अशी?"

"हवी तितकी करतो," मास्तर म्हणाले. "फक्त आता सरळ घाला म्हणू नकोस."