मधल्या गावापर्यंतची बॅटरी

एखादी वस्तू घेण्याआधी चार ठिकाणी चौकशी करणारी माणसं घरोघरी असतात. पण चौकशीलाच नवरदेवासारखं पाटावर बसवून तिचे सगळे लाड पुरवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे मामा. ते माझ्या आईचे मानलेले भाऊ. सेलूला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात आणि तीनचाकी मालसायकलवरून सरकी पेंडीची पोती दुकानातून दूधवाल्यांच्या गोठ्यापर्यंत पोचवतात. साधी छत्री घ्यायची झाली तरी ते ती दुकानातच उघडत, दुकानदाराला तिच्याखाली उभं करत आणि वरून तांब्याभर पाणी ओतून बघत. चपलेच्या दुकानातून एकदा ते नवी जोडी घालून थेट स्टेशनपर्यंत फिरून आले होते. जाताना जुनी जोडी दुकानदारापाशी जामीन म्हणून ठेवली होती. परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "डावी गरीब हाय. उजवी लय बोलायलीया." आणि जुनी घालून घरी आले. त्यामुळे या माणसानं जेव्हा मालसायकलीला विजेची मोटर बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा आमच्या गल्लीनं ओळखलं की आता वर्षभराची करमणूक झाली.

या उद्योगात मी ओढला गेलो तो माझ्या पदवीमुळे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. पुढं शिकायला पुण्याला निघालो तेव्हा माझी पेटी आणि गादीची वळकटी मामांच्याच सायकलवर होती. स्टेशनचा रस्ता सरळ, पण त्या सकाळी त्यावर माणसं कमी होती म्हणून मामांनी मला मोंढ्यातून, भाजीबाजारातून वळसा घालून नेलं, आणि दिसेल त्याला घंटी वाजवून सांगितलं, "आमचा भाचा हाय. पुण्याला चाललाय शिकायला." गाडी सुटता सुटता मिळाली. ती घंटी अजून माझ्या कानात आहे. पुण्यातल्या इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी घंटी वाजवली नाही, आणि मनातली गोष्ट सांगायची तर, कधी कधी फार आठवण येते. तर त्या दिवसापासून जगातल्या यच्चयावत विषयांवर मामांच्या मते शेवटचा शब्द माझा. मोटरीच्या किटवाल्यांना ते फोनवर म्हणत, "थांबा जरा, आमच्या ग्रॅज्युएटला लाईनवर घेतो," आणि पुण्यातच नोकरीला लागलेला मी कचेरीत हातात फाईल धरून कोईमतूरच्या नाहीतर राजकोटच्या माणसाशी हिंदीत व्होल्ट आणि वॉट बोलत उभा राही.

"मामा, मी इतिहास घेऊन बी.ए. झालोय," मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणालो.

"मग? इतिहासात मोटरी नव्हत्या व्हय?" मामा म्हणाले. "पुढच्या चाकात बसणारी घ्यावी का साखळी वढणारी, तेवढं सांग."

मग मी रविवारी बसून वाचू लागलो. पुढच्या चाकातली मोटर बसवायला सोपी, पण चढाला ओझं असलं की चाक जागच्या जागी फिरू शकतं. साखळी ओढणारी चढाला बळकट, पण साखळी लवकर झिजते. हे मी मामांना समजावून सांगितलं की ते म्हणत, "म्हंजे एक पुढून ओढणार अन् एक मागून ढकलणार. बैल का सासू?" आणि पुन्हा आठवडाभर विचारात पडत. गल्लीतली माणसं मुद्दाम विचारत, "काय मामा, बैल का सासू?" मामा हात वर करून सांगत, "चौकशी चालू हाय."

हसण्यावारी नेलं तरी मोटरीची गरज खरी होती. मामांचे गुडघे गेले होते. पेंडीची पोती गल्लीबोळातून ढकलत नेऊन कशीबशी पोचती करता येत होती. अडलं होतं ते मामींचं. मामींचं माहेर बोरी. त्यांना बस लागते; साधी लागत नाही, बसस्टँडच्या वासानंच त्यांना मळमळायला होतं, जीपचं तर नाव काढायची सोय नाही. उघड्या वाऱ्याचं वाहन म्हणजे एकच, मामांची सायकल. म्हणून लग्न झाल्यापासून दर पंचमीला मालाच्या हौद्यात गोधडी अंथरून, वर छत्री बांधून, मामा त्यांना पायडल मारत बोरीला न्यायचे. उजाडताना निघायचं, वाटेत भाकरी सोडायची, दिवस कलताना पोचायचं. मामी म्हणत, "राणीबी अशी माहेरी गेली नसंल." गुडघे गेले आणि ते थांबलं. पंचमीला गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, झाडाला झोके बांधले की मामी दाराची कडी लावून घेत. मामा ओट्यावर बसून त्या कडीकडे बघत. मोटर डोक्यात शिरली ती तिथूनच.

प्रत्येक किटवाला पहिला प्रश्न विचारी, ओझं किती? मामा अडले. पेंडीच्या पोत्याचं वजन पोत्यावरच असतं. मामींचं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मामी काट्यावर उभ्या राहायला तयार नव्हत्या. मग मामांनी कापसाच्या मोंढ्यातली युक्ती काढली. तिथं गाडी आधी भरलेली मोजतात, मग रिकामी. वजाबाकी म्हणजे कापूस. मामींना "देवीला जाऊन येऊ" म्हणून हौद्यात बसवलं आणि सायकल थेट ट्रकच्या वजनकाट्यावर चढवली. काटेवाल्यानं खिडकीतून आकडा ओरडून सांगितला. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रांगेनं तो ऐकला. मामी खाली उतरल्या, पदर खोचला आणि पायी घरी आल्या. "माणसाला कापूस समजायलेत हे," त्या माझ्या आईला म्हणाल्या, "अन् तो काटाबी खोटा. ट्रकचा काटा माणसाला खरं बोलंल व्हय?" कितीतरी दिवस त्या मामांशी भिंतीकडे बघून बोलत होत्या.

वजन कळलं तसा बॅटरीचा प्रश्न आला, आणि खरी कहाणी इथं सुरू होते. मोठी बॅटरी घेतली तर एका दमात बोरी. लहान घेतली तर अर्ध्या वाटेवर कुठंतरी थांबून चार्ज करायचं. मामांनी वाटेवरच्या गावांतले सगळे पाहुणे उकरून काढले. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं गेले नव्हते त्यांच्या बारशांना, लग्नांना हजर राहू लागले. खिशात विजेचा टेस्टर. लोक अक्षता टाकत तेव्हा हे मांडवाच्या खांबावरचा प्लग शोधत. एका बारशाला बाया पाळणा म्हणत असताना मामा पाळण्यामागं वाकून भिंतीच्या प्लगात टेस्टर घालत होते. बाळाच्या आजीला वाटलं हे काही करणीबिरणी करायलेत, आणि घुगऱ्या न घेता त्यांना निघावं लागलं. कुठं दुपारी लाईट जाई, कुठं प्लग चुलीपाशी, कुठं वायर उंदरांनी खाल्लेली. एकेक गाव बाद होत गेलं.

राहिलं एक. बरोबर मध्यावर, रस्त्याला लागून, पक्कं घर, बाहेर ओट्यावरच प्लग. त्या गावाचं नाव मामा घेत नसत. "मधलं गाव" म्हणत. तिथं मामींची थोरली बहीण दिलेली. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्कांचे यजमान, म्हणजे मामांचे साडू, यांच्या मुलीच्या लग्नात सगळ्या मानकऱ्यांना पूर्ण आहेर झाला आणि गडबडीत मामांच्या हातात नुसती टॉवेल-टोपी आली. तीही लहान, मामांच्या डोक्यावर ती झाकणासारखी वरच राहिली. भर मांडवात कुणीतरी हसलं. मामा जेवण टाकून उठले, आणि त्या दिवसापासून बोरीला जाताना मधलं गाव आलं की मान दुसरीकडे वळवून पायडल जोरात मारत. ती टोपी त्यांनी ट्रंकेत ठेवली होती. "पुरावा हाय," म्हणत.

मी फोनवर म्हटलं, "मामा, आक्कांच्या घरी प्लग आहे की."

"त्या गावच्या करंटात दम न्हाई," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढं मी सुट्टीत घरी आलो असताना मामी ताटात शेंगा घेऊन ओट्यावर आल्या. जरा वेळ सोलत बसल्या. मग म्हणाल्या, "बापू, त्यांला सांग, लहानीच बॅटरी घ्या म्हणून."

"मामी, पैशाची काळजी करू नका. मोठीच बरी. लहानीनं अर्ध्या वाटेत थांबावं लागेल."

"व्हय," मामी शेंगा सोलत म्हणाल्या. "थांबावं लागंल."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खाली बघूनच बोलत राहिल्या. "आक्काशी फोनवर बोलायचे रे मी, हे कामाला गेले की. आता तिला ऐकूच येईना. 'हालू, हालू' करती अन् ठेवून देती. आता बोलायचं तर तोंडासमोर बसूनच बोलावं लागंल."

मी मामांना निरोप सांगितला. कारण सांगितलं नाही, ते मामींचं होतं. मामांनी ऐकून घेतलं, ट्रंकेकडे बघितलं आणि म्हणाले, "चौकशी करतो." आणि महिन्याभरानं पार्सल आलं ते मोठ्या बॅटरीचं. मोटर पुढच्या चाकातली. गल्ली जमली, नारळ फुटला, पेढे वाटले. मामींनी बॅटरीला हळदीकुंकू लावलं, पण त्या रात्री, आई सांगते, त्यांच्या घरी भाजीत मीठ नव्हतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हौद्यात गोधडी, गोधडीवर मामी, वर छत्री. मागे एका मित्राची मोटरसायकल घेऊन मी. मामा बाहेर आले ते डोक्यावर तीच लहान टोपी ठेवून. मला वाटलं, उन्हासाठी. मामींनी टोपीकडे एकवार बघितलं आणि छत्री सारखी करू लागल्या. सायकल गल्लीतून आवाज न करता निघाली. मामांना ते सहन होईना. ते उगाच घंटी वाजवत राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस गुडघ्याएवढा आला होता. चढ आला की मामा ओरडत, "बघितलंस का? सासू मागं न्हाई, तरी चढायलीया!"

मधलं गाव आलं. पहिल्या घरापाशी सायकलचा वेग कमी झाला, आणि रस्त्यालगतच्या ओट्यासमोर ती उभीच राहिली. मामांनी खाली उतरून चाकाला एक लाथ घातली.

"गेली!" ते मोठ्यांदा म्हणाले. "बॅटरी गेली. चार्ज करावी लागंल."

मी धावत गेलो. चावी बंद होती. ती फिरवली तशी हँडलवरच्या काचेत दिव्यांची रांग लागली. बोरीच काय, बोरी ओलांडून पुढं जाता आलं असतं एवढे दिवे. "मामा, ही तर भरलेली—"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अर्ध्यावर थांबलो. "तुला मोटरीतलं काय कळायलंय?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "तू इतिहासवाला."

मामी तोवर खाली उतरून दारात पोचल्या होत्या. बस लागणाऱ्या, वजनावरून चिडणाऱ्या आमच्या मामी, मी त्यांना तेवढ्या भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं.

साडू बाहेर आले. उंच, पांढऱ्या मिशांचे. या-बसा म्हणाले नाहीत. सायकलीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाशी वाकले आणि इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द बोलले, "किती व्होल्टची?"

असा प्रश्न कुणीतरी मनापासून विचारावा म्हणून मामा वर्षभर झुरत होते. "अठ्ठेचाळीस," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडाला खीळ राहिली नाही. साडू काचेकडे वाकायला लागले, तसं मामांच्या लक्षात आलं की चावी चालूच आहे. त्यांनी चटकन डोक्यावरची टोपी काढली आणि दिव्यांवर झाकली. ती तिथं बरोबर मापात बसली.

साडू टोपीकडे बघत राहिले. "ही आमच्याकडचीच ना?"

"व्हय. लहान पडती."

"मग बदलून न्यायची व्हती की," साडू म्हणाले. "इतकी वर्सं कामून लावली?"

साडूंनी आत जाऊन वायर आणली.

आत आक्का खाटेवर बसल्या होत्या. मामी अगदी त्यांच्या तोंडासमोर टेकल्या होत्या. आक्का धाकटीच्या तोंडावरून, खांद्यावरून, दंडावरून हात फिरवत मोठ्यांदा, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणत होत्या, "किती वाळलीस गं! काय खायला घालत न्हाईत का तुला?" मामींनी ओल्या डोळ्यांनी दाराकडे बघून मामांना विचारलं, "ऐकलं का? अन् तुमचा तो काटा!"

बोरीला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. पुढं मी पुण्याला परतलो. मामांचे फोन येत राहिले. ती मोठी बॅटरी दरवेळी नेमकी मधल्या गावापाशीच संपत असे.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. मला जाता आलं नाही. माझी गाडी पुण्याहून निघते ती थेट सेलूकडे धावते. मध्ये कुठं उतरून बसावं असं तिच्या वाटेवर माझं कुणी नाही. परवा मामांचा फोन आला तेव्हा मागं वारा घोंगावत होता, ते रस्त्यावरच होते. मी जरा चाचरत विचारलं, "मामा, आता बोरीला थेटच जात असाल?"

"कुठलं रे," मामा म्हणाले. "साडू एकटंच बसतंय ओट्यावर वायर धरून." मग घंटी वाजली, आणि मामा म्हणाले, "बॅटरीच पुरत न्हाई बघ. तुझी मामी म्हणत व्हती तेच खरं. लहानीच घ्यायला पायजे व्हती."