शेंदूर लागलेला गिअरबॉक्स

बीडच्या बायपासवरच्या एका वर्कशॉपच्या मालकाने एका एसटी ड्रायव्हरला फसवले आणि त्यानंतर मलाही फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले ते याहून वाईट आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता विसरलो. हे प्रकरण मात्र आठवले की अजून डोके तापते.

तेव्हा मी घाटाजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने अपघाताची खबर दिली. मांजरसुंब्याच्या घाटात चढावर एक मोटार मागे घसरली आणि मागचा मोटारसायकलस्वार तिच्या चाकाखाली आला. तो घरोघर दूध घालणारा माणूस. जीव वाचला, पण पाय गुडघ्याखाली मोडला. मोटार चालवणारा युसूफ वडगाव या गावचा, एसटीत ड्रायव्हर; मोटार त्याची स्वतःची, जुनी विकत घेतलेली. त्याचा बाप मेंढरे राखायचा. त्या घरात स्टिअरिंगला हात लावणारा हा पहिलाच. एसटीत इतकी वर्षे काढली, पण एका कोंबडीलाही धक्का लागला नव्हता. निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. तो शाबित झाला असता तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

जबाब देताना तो खाली बघत होता. म्हणाला, "साहेब, गिअर सुटला. इंजन वरडत व्हतं अन् चाकाला जोरच न्हाई. ब्रेक मारला, पर तवर गाडी हातभर मागं आलती."

अपघात केलेला माणूस पहिल्यांदा ब्रेकला दोष देतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. ब्रेक लागला नाही, असे सगळेच म्हणतात. याने ब्रेक लागला असे सांगितले. खोटे बोलणारा माणूस आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट कशाला सांगेल? तेवढ्यावर मी त्याला सोडणार नव्हतो, पण ते वाक्य डोक्यात राहिले.

दुसरे कारण असे की तशीच गाडी माझ्याकडेही होती. युरोपातल्या कंपनीची, आटोपशीर, मागे डिकी असलेली, आपोआप गिअर बदलणारी. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा देत वर आलो आणि स्वतःच्या कमाईवर ती घेतली. दार लावले की धप्प असा भरीव आवाज यायचा. त्या आवाजावरच मी ती घेतली. लोक म्हणाले, साहेब, आपल्या रस्त्याला आपली गाडी बरी. मी ऐकले नाही. चालवायला ती गाडी राजा आहे. बिघडली की मात्र मालकाला भिकारी करते. गल्लीतला मेकॅनिक तिचे बॉनेट उघडतो आणि हात जोडून पुन्हा लावून टाकतो. तेल तिचेच लागते, तपासायला कंपनीचा लॅपटॉप लागतो, साधा सेन्सर गेला तरी पार्ट बाहेरून येईपर्यंत गाडी दारात पाहुण्यासारखी बसून राहते. तिच्या गिअरबॉक्सला एक कंट्रोल बॉक्स असतो. मेकॅनिक त्याला मेंदू म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात तो हमखास जातो. आणि तो बदलायची सोय आख्ख्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी, कंपनीची पाटी लावलेल्या त्या बायपासवरच्या वर्कशॉपमध्ये.

ड्रायव्हरच्या गाडीचा मेंदू अपघाताच्या थोडे आधी तिथेच बदलला होता. मी वर्कशॉपला लेखी विचारले. इस्त्री केलेल्या भाषेत उत्तर आले. पार्ट नवा आहे, काम कंपनीच्या पद्धतीने झाले आहे, सदर चालकास अशा गाडीचा सराव नसावा. आयुष्यभर घाटातून बस चढवणाऱ्या माणसाला सराव नाही म्हणे.

मग मी ड्रायव्हरच्या बायकोचा जबाब घेतला. तिला वाटले, नवऱ्याला अटक करायला बोलावले आहे. जरा शांत झाल्यावर तिने सांगितले की पार्टची वाट बघून ते थकले होते. शेवटी खोके आले तेव्हा दोघेही वर्कशॉपला गेले. खोके त्यांच्यासमोर फोडले. आपल्याकडे नवी वस्तू कामाला लावण्याआधी तिला कुंकू लावतात, मग ती मोटार असो की पिठाची गिरणी. या बाईने येताना लिंबागणेशच्या गणपतीचा तेलात कालवलेला शेंदूर पुडीत आणला होता. तिने त्या पार्टला शेंदराची तीन बोटे ओढली आणि वर अक्षता चिकटवल्या. वर्कशॉपची पोरे हसली. हेडमेकॅनिक मात्र हसला नाही, त्याने पायातली चप्पल काढली. पार्टचे रिकामे खोकेही ती मागून घरी घेऊन गेली. त्यात ती लसूण ठेवत होती.

ड्रायव्हरच्या गाडीतला पार्ट पंचांसमोर काढून पाहिला. शेंदराचा कणही नव्हता आणि नंबराची पट्टीही नव्हती. वर्कशॉपचा मालक म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सच्या तेलात दोन्ही धुऊन गेले असेल."

आता मला या धंद्याची माहिती हवी होती. ती दिली एका क्रेनवाल्याने. बंद पडलेल्या गाड्या तो त्या वर्कशॉपला ओढून नेत असे. नाव कुठे येणार नाही, अशी हमी घेतली आणि मग म्हणाला, "खोकं गिऱ्हाइकाच्या म्होरं फोडत्यात साहेब. गिऱ्हाईक घरी गेलं की जुनाच डागडुजी करून बसवत्यात. नवा जातो फुडच्याला."

पुढच्याला. हा शब्द मी खिशात घालून घरी गेलो. जेवताना तो बाहेर निघाला.

माझा बाप बैलांचा हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी. बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायचा. मला त्याने एकच शहाणपण दिले: समोरच्याने कुरकुर न करता भाव उतरवला, तर आधी बैलाचे दात बघ. माझ्या गाडीचाही मेंदू गेला होता, त्या ड्रायव्हरच्या पाठोपाठ. त्याने पार्टसाठी किती वाट पाहिली होती, आणि मला मालक म्हणाला होता, "साहेबांसाठी माल हजर आहे." मी भाव पाडला. तो हसला. आणखी पाडला. तरी हसलाच. बिलावर पैसे देऊन मी छाती फुगवून घरी आलो होतो.

जेवण तसेच टाकले आणि वरिष्ठांना फोन लावला. या गुन्ह्यात आता माझीच गाडी येण्याची शक्यता आहे, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या, असे सांगितले. त्यांनी शेजारच्या ठाण्याचा एक अधिकारी नेमला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात, पंचांसमोर, माझ्याच गाडीचे बॉनेट उघडले. बाहेरगावाहून आणलेल्या मेकॅनिकने बॅटरी काढली, तिच्याखालचा ट्रे काढला आणि बाजूला सरकला.

तीन बोटे शेंदूर. तेलाचा थेंब नाही; धुळीने काळवंडलेला, पण खाचेत लालभडक. एक तांदूळ तसाच चिकटलेला.

शेंदूर कोर्टात चालत नाही. पण पार्टवरचा नंबर आणि लसणाच्या खोक्यावरचा नंबर एकच निघाला, तो चालला.

हेडमेकॅनिकची चौकशी त्या अधिकाऱ्याने केली. मला साक्षीदार म्हणून बोलावले होते, तेव्हा तो समोर बसला होता. लपवालपवी त्याने फार केली नाही. मालक सांगायचा, हा करायचा. मालकाने शेंदूर पुसायलाही बजावले होते.

अधिकारी वऱ्हाडाकडचा. त्याने विचारले, "मग पुसला कावून नाहीस बे?"

तो म्हणाला, "लिंबागणेशच्या गणपतीचा हाय साहेब. चिंधी घेतलती हातात. हात धजला न्हाई."

मी साक्षीदार होतो, बोलायचा अधिकार नव्हता. तरी माझ्या तोंडून गेलेच: "शेंदूर पुसायला हात धजला नाही. जुना पार्ट बसवून माणूस घाटात पाठवायला धजला?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. देवाला भिणारी माणसे मी खूप पाहिली. आपल्या हातून दुसऱ्याचा पाय मोडू शकतो, याला भिणारी फार थोडी भेटली.

ड्रायव्हर सुटला. नोकरी वाचली. निकालाच्या दिवशी तो आणि त्याची बायको पेढे घेऊन घरी आले. माझ्या दारातल्या गाडीकडे बघून बाई हळूच म्हणाली, "साहेब, आमच्यापायी तुमची गाडी बसली की वो." मी तिच्या हातातला पेढा घेतला.

मेंदू मुद्देमालाच्या खोलीत, गाडी माझ्या दारात. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने मलाच विचारले की नवा पार्ट इतक्या स्वस्तात साहेबांना कसा मिळाला. सारे कोर्ट माझ्याकडे बघत होते. आख्ख्या नोकरीत कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही आणि मी खिशातून बिल काढून दाखवत उभा होतो. मालक अपील करून जामिनावर बाहेर आला. आज त्याच बायपासवर, दुसऱ्या कंपनीच्या पाटीखाली, त्याच्या बायकोच्या नावाने वर्कशॉप चालू आहे. हेडमेकॅनिक मात्र आत जाऊन आला.

गाडी बनवणाऱ्या कंपनीला मी पत्र लिहिले. उत्तर आले की सदर वर्कशॉपचा मालक स्वतंत्र व्यावसायिक होता, कंपनीचा त्याच्या व्यवहाराशी संबंध नाही. सोबत माझ्या गाडीसाठी नव्या पार्टचा पूर्ण भाव कळवला होता. घासाघीस चालणार नाही, असेही नम्रपणे लिहिले होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. चोर पाटीखाली बसला की लोक त्याला चोर म्हणायचे सोडून देतात, हे शिकवले. त्या ड्रायव्हरने माणसावर विश्वास ठेवला नव्हता, पाटीवर ठेवला होता. मीही पाटीवरच ठेवला. पाटीचे भाडे कोण घेत होते? लॅपटॉप कोणी दिला होता, तेल कोण विकत होते, "आमच्याखेरीज कुणाला हात लावू देऊ नका" असे कोण सांगत होते?

तो दूधवाला आता मोटारसायकल चालवत नाही. पोरगा दूध घालतो, तो ओट्यावर पाय सरळ करून बसतो. परवा गेलो होतो. म्हणाला, "साहेब, ड्रायव्हरची चूक न्हाई म्हनता, मेकॅनिकला सजा झाली म्हनता. मग माझा पाय कुनी मोडला?"

मी गाडी दुरुस्त करणार नाही. ती दारात तशीच उभी राहील, बॉनेट उघडे, आतली जागा रिकामी. ज्यांची पाटी होती त्यांनी इथे यावे, आधी त्या ओट्यावर जावे आणि त्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. मग माझ्याशी भाव करावा.