वर पाणी कोणी नेलं?

माझ्या बायकोच्या मामांनी टीव्हीवरची एकही युद्धमालिका आजवर बसून पाहिलेली नाही, आणि दुसऱ्या कुणाला सुखानं पाहू दिलेली नाही. आमचा टीव्ही मोठा म्हणून ते जळकोटहून एसटीनं लातूरला येतात. पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ ही अक्षरं उमटली की टीव्हीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून टीव्हीपर्यंत त्यांच्या येरझारा सुरू होतात. एकदा ऐन गोळीबारात ते मध्येच थांबले आणि आख्खी टेकडी त्यांच्या पाठीमागे गेली. ती शेवटी कुणी जिंकली, हे आम्हाला शेजाऱ्यांना विचारावं लागलं.

मामांची उमेदीची वर्षं सैन्यात गेली, पण खेचरांच्या तुकडीत. डोंगरावरच्या ठाण्यांना दारूगोळा, शिधा आणि पाणी पोचवायचं, हे काम. त्यामुळे मालिकेत शूर कोण नि फितूर कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. नायक बर्फात लढतो, आईला पत्र लिहितो, दोस्ताचं डोकं मांडीवर घेऊन रडतो. मामांचं लक्ष त्याच्या पोटाकडे. “तीन दिस झाले, लढूनच राहिला. हा जेवला कवा? वर पाणी कोणी नेलं?” एका वाहिनीला त्यांनी पोस्टकार्ड धाडलं होतं, की आपल्या मालिकेत घोडे आहेत, कुत्रा आहे, खेचर नाही, तरी लक्ष घालावे. उत्तर आलं नाही. मग पहिलं कार्ड मिळालं का, हे विचारणारं दुसरं कार्ड गेलं. जनावराच्या बाबतीत त्यांना राहवत नाही, हेच खरं. माझ्या मेव्हण्याच्या वरातीत त्यांनी भर रस्त्यात घोडीचा पाय उचलून नाल तपासली, तेव्हा नवरदेव वरच बसलेला होता.

यंदा मात्र मामा ज्या डोंगरावर होते, त्याच डोंगरावरच्या लढाईची मालिका आली आणि त्यांची झोपच उडाली. त्या चढावर त्यांचा एक सोबती गेला होता, नायगावचा. पाण्याचे डबे लादलेलं खेचर घसरलं, यानं लगाम सोडला नाही, आणि दोघंही दरीत गेले. गावात लोक म्हणत, लढाईत कुठं गेला, पाय घसरून गेला. त्याच्या बायकोनं हे इतकी वर्षं ऐकून घेतलं होतं. मामांनी तिला फोन करून सांगितलं, वहिनी, औंदा दाखवतील, गल्लीला बोलवून ठेवा. मी म्हटलं, मामा, दाखवलं नाही तर? ते माझ्यावर दोन दिवस रुसले.

शेवटचा भाग रविवारी सकाळी होता. तिकडे नायगावात वहिनींचं घर माणसांनी भरलेलं, इकडे मामांच्या चकरा. मालिकेत तोफा झाल्या, गाणं झालं, नायकाच्या लग्नाची आठवणसुद्धा झाली. खेचर नव्हतं. फक्त एकदा, कोपऱ्यातून, खांद्यावर डबा घेतलेला एक माणूस पाठमोरा चढून गेला. दोन सेकंद असेल नसेल.

“डबा रिकामा हाय,” मामा म्हणाले. “भरला डबा घेऊन कोणी असं चालत न्हाई.”

झेंडा फडकला, नावं सरकू लागली. मला त्या मालिकावाल्यांचा मनापासून राग आला. एवढे कोटींचे धमाके उडवलेत, एक खेचर मिळालं नाही तुम्हाला? मामा खाली बघत म्हणाले, की आता वहिनींना तोंड कसं दाखवू. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. पलीकडे माणसांचा गलका होता.

“भाऊ,” वहिनी म्हणाल्या, “डबा घेऊन वर गेले, ते हेच ना? पाठीकून दिसले. समदे उठून उभे राहिले इथं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

“हाव वहिनी,” ते म्हणाले. “तोच होता. डबा लई जड होता.”

इतक्या वर्षांत मामांना खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच. तो भाग नंतर मी एकट्यानं पुन्हा लावून पाहिला, आणि त्या पाठमोऱ्या माणसानं जरा हळू चालावं, असं मला फार वाटत राहिलं.