जपानी अंगाईची चाल

मस्कतमधल्या बौशरच्या ज्या लायब्ररीत मी काम करते, तिथे कुणा जपानी गृहस्थांनी दिलेल्या जुन्या रेकॉर्ड आहेत. त्या ऐकायला फारसं कुणी येत नाही. एकदा वसईच्या एक वयस्कर बाई आल्या. पूर्वी त्या इथल्याच एका जपानी घरात मूल सांभाळायच्या. ती मुलगी आता स्वतःचं तान्हं बाळ घेऊन त्यांना भेटायला येणार होती. "माझी अंगाई बाळालाही म्हणा," असं तिने फोनवर सांगितलं होतं.

"तिच्या आईचं ऐकून ऐकून शिकलेले, मॅडम. बरोबर येतं का ते बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी अंगाईची तबकडी शोधून लावली. ऐकताना त्यांचा तळहात टेबलावर थोपटत होता. एका ओळीला तो थांबला. जिथे त्या सूर खाली आणायच्या, तिथे गाणारी वर चढत होती.

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचंच म्हटलं की."

"मग आता बसवून घ्या. पुन्हा लावते," मी म्हटलं.

त्यांनी ऐकत ऐकत सोबत म्हटलं. चाल अगदी नीट जमली. तरी त्या पर्स उचलून उठल्या.

"हेच चांगलं आहे, मॅडम. पण पोर झोपायची ती माझ्या चुकीवर. आता असं म्हटलं तर तिला वाटेल, आँटी विसरली."

आमच्या तबकडीवरची चाल बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही. पण बाईंना थांबवायला तेवढं कारण पुरेसं वाटलं नाही.