निकानोरचं सामान

आमच्या पोसोर्हा बंदरात कुणाला खिळा, दोरी, बाटलीचं झाकण असलं काही लागलं, की लोक आधी अल्सिराबाईंच्या दारात जायचे आणि हात हलवत परत यायचे. बाईंकडे सगळं असायचं, पण द्यायला काहीच नसायचं. "निकानोर आला की लागेल," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. निकानोर त्यांचा नवरा. वीस-बावीस वर्षांपूर्वी होडी घेऊन मासेमारीला गेला, तो गेलाच. होडीची फळीसुद्धा कुणाला सापडली नाही.

मी त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. घरात छतापर्यंत जाळी, आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि तीन फ्रीज, त्यातल्या एकालाही दार नाही. त्यातून बाई अंग चोरून फिरायच्या. तरी गेल्यावर कॉफी मिळायचीच. कप कुठून काढला ते मात्र विचारायचं नाही. मला ही बाई फार आवडते, म्हणूनच मी तिला एवढं बोलते.

नोव्हेंबरात ती छतापर्यंतची डब्यांची रास त्यांच्यावर कोसळली. माझ्या भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, नाहीतर बाई तिथेच संपल्या असत्या. मग त्यांचा मुलगा रोलांदो राजधानीतून, क्विटोहून आला. वर्ष संपायच्या आत घर रिकामं झालं नाही तर आईला घेऊन जाणार, असं त्यानं बजावलं. क्विटोला थंडी, डोंगर आणि समुद्राचा पत्ता नाही. बाईंना ते तुरुंगासारखंच. त्या कबूल झाल्या, पण माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय चिंधीही बाहेर जाणार नाही म्हणाल्या.

असलं घर उपसायचं म्हणजे जिवाशी खेळ. जाळ्यांत विंचू होते. रोलांदोच्या अंगठ्यात गंजका गळ घुसला आणि तो इंजेक्शन घ्यायला धावला. फाउस्तो खाटीक मोठ्या तोऱ्यात मदतीला आला, त्यानं सगळ्यात खालचाच खोका ओढला आणि नुसत्या मिशा दिसेपर्यंत गाडला गेला. पण सगळ्यात मोठा धोका बाईंचाच. पुढच्या दारानं गेलेलं मागच्या दारानं परत यायचं. एकदा मी त्यांना परकराखाली झाकण लपवताना पकडलं. उद्या ह्याचा डबा सापडला तर काय करणार, असं त्यांनीच मला दरडावून विचारलं.

शेवटी रोलांदोचा धीर सुटला. तीस तारखेला बाई आमच्यासाठी माशाचं कालवण रांधत होत्या, तेवढ्यात त्यानं पलंगाखालचं कपड्यांचं पोतं गल्लीतल्या लोकांना गुपचूप देऊन टाकलं. सरत्या वर्षाचा म्हातारा करायला आमच्याकडे जुने कपडे लागतातच. त्यांत भुसा भरायचा, खुर्चीवर बसवायचा, पुरुषांनी झगे घालून त्याच्या विधवा व्हायचं, गाड्या अडवून रडून चार नाणी मागायची आणि वर्ष संपताना त्याला जाळायचं.

एकतीसच्या दुपारी बाई रोलांदोला आणि मला घेऊन पाव आणायला निघाल्या आणि कोपऱ्यावर थबकल्या. खुर्चीत निकानोरचा तपकिरी कोट आणि निळी टोपी घातलेला म्हातारा बसला होता. शेजारी फाउस्तो, काळा झगा आणि डोक्यावर काळी जाळीची ओढणी, छाती बडवून रडत होता. रोलांदोचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, संपलं. आता बाई सगळं परत घरात ओढणार आणि उद्या क्विटोची बस.

बाई म्हाताऱ्याजवळ गेल्या. कोटाचं एक बटण चुकून वरच्या काजात गेलं होतं. त्यांनी सगळी काढली आणि एकेक नीट लावली. मग फाउस्तोकडे वळल्या.

"थांबलास का? रड की."

"चूक झाली, बाई. आत्ता उतरवतो कोट."

"राहू दे." त्या खाली बघत म्हणाल्या, "मी कधी रडले नाही रे. मी रडले असते तर तो मेला असता."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. बाईंनी हात पुढे केला.

"ती ओढणी दे इकडे. ह्याची बायको मी आहे."

फाउस्तोनं ती दोन्ही हातांनी दिली. बाईंनी डोक्यावर घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानातून खुर्ची मागवली आणि म्हाताऱ्याला खेटून बसल्या. तेवढ्यात एक गाडी आली. ड्रायव्हरनं हसत नाणं पुढे केलं, मग बाईंचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला.

बराच वेळ रडून झाल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. जाळी उद्याच काढा, म्हणाल्या, फ्रीजही काढा, सगळं काढा, मी मध्ये येणार नाही. पण मी हे गाव सोडणार नाही. रोलांदो बरं म्हणाला आणि त्यांच्या पायाशी रस्त्यावरच बसला.

"आई," तो म्हणाला, "कोट तेवढा काढून ठेवू का तुझ्यासाठी?"

बाईंनी कोटाची कॉलर वर करून म्हाताऱ्याच्या गळ्याशी नीट बसवली.

"नको. इतकी वर्षं पाण्यात गारठलाय. राहू दे अंगात."