तिसरी चिठ्ठी

"मास्तरांनी जन्मात एकच निर्णय स्वतःच्या मनानं घेतला, आणि तो बी माझ्या विरुद्ध," असं रिबकाबाईंनी आमची ओळख झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं. शांतवन मास्तर समोरच खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होते. मान वर न करता त्यांनी "हौ" म्हटलं आणि एक खडा उचलून अंगणात टाकला.

एकसष्ट साली लग्न होऊन मी बालाघाटला आले, तेव्हा आमच्या आणि त्यांच्या घरात कमरेएवढी एक भिंत होती. त्या भिंतीवर वाटी ठेवायची, उचलायची, आणि मधल्या वेळात बोलायचं. रिबकाबाईंचं बोलणं म्हणजे बहुतेक तक्रारच असे. पाणी खारं, दूधवाला लबाड, त्यांच्या ख्रिस्ती देवळातला पेटीवाला बेसूर. पण छप्पन सालची गोष्ट त्या सांगू लागल्या की आवाज खाली येई. ती त्यांनी एका दमात कधीच सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यानं माझ्यापर्यंत आली.

रिबकाबाई भंडाऱ्याच्या. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते लवकर गेले. मागे आई आणि ही एकुलती एक. सातवी पास झाल्यावर शांतवन मास्तरांशी लग्न झालं आणि त्या इकडे आल्या. मास्तर सरकारी शाळेत मराठी शिकवत. छप्पन साली नवे प्रांत झाले. भंडारा, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. ऑगस्ट संपता संपता शाळेत फॉर्म आले. कोणत्या राज्यात नोकरी करायची, ते ज्यानं त्यानं लिहून द्यायचं. शेवटची तारीख चोवीस सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळी पाच.

रिबकाबाईंना यात विचार करण्यासारखं काहीच दिसलं नाही. आईला एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. दुसऱ्यावरही साऱ्याचा पडदा येत होता. शेजारीण भाकर टाकून देई, म्हणून चाललं होतं. मास्तरांनी "मुंबई राज्य" एवढं लिहिलं की भंडारा जिल्ह्यात कुठं ना कुठं नेमणूक मिळणार होती. इकडे मराठीचे वर्ग किती दिवस टिकतील याचीही खात्री नव्हती.

"लिहून टाका जी," त्या म्हणाल्या.

"प्रभूला विचारू," मास्तर म्हणाले.

विचारायची त्यांची रीत घरात सगळ्यांना माहीत होती. गाय विकायची असो, भाड्याचं घर बदलायचं असो, मास्तर रविवारी संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत चिठ्ठ्या टाकत. शास्त्रात, म्हणजे बायबलात, शिष्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असं ते सांगत. देवळात घालायची त्यांची काळी टोपी उलटी करून पाटावर ठेवायची, आत घडी केलेल्या चिठ्ठ्या टाकायच्या, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि आठ वर्षांच्या शीलानं हात घालून एक काढायची.

त्या रविवारी मास्तरांनी एका कागदावर "मुंबई राज्य" लिहिलं, दुसऱ्यावर "मध्य प्रदेश", आणि तिसऱ्या कागदाला तशीच घडी घातली.

"ही कोरी काहून?"

"त्याला आत्ता काही बोलायचं नसलं तर? दोनच ठेवल्या तर आपण देवाला कोपऱ्यात कोंडल्यासारखं होईल, रिबका."

शीलानं हात घातला. कोरी निघाली.

दुसऱ्या रविवारी पुन्हा कोरी. मास्तरांनी शांतपणे "आमेन" म्हटलं आणि टोपी खुंटीला लावली. रिबकाबाईंनी त्या रात्रीची भांडी इतक्या जोरात घासली की भिंतीपलीकडून अनुसया ओरडली, "मास्तरीनबाई, गंजाले भोक पाडता का?" (आज मी राहते त्याच घरात तेव्हा अनुसया राहायची. कुणब्याची, तोंडानं फटकळ, मनानं चांगली.) सकाळी तिनं सगळी हकिगत काढून घेतली आणि कपाळावर हात मारला.

"आमच्या गावचा भगत तांदळाचे दाणे टाकते. जोडी लागली तं हौ, एकटा उरला तं नाई. झालं. तुमच्या देवाले तीन काहून लागतेत वं?"

"देवाले नाई लागत. यायले लागतेत," रिबकाबाई आत बसलेल्या मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारीही कोरी निघाली. शीला रडायलाच लागली. तिला वाटलं, आपलाच हात वाईट. मास्तरांनी तिला मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, पण फॉर्म काही टेबलाच्या खणातून काढला नाही. आता शाळेचा चपराशी डोमाजी रोज दारात उभा राहू लागला.

"मास्तर, साऱ्यायचे फारम गेले जी. तुमचाच राह्यला. हेडमास्तर मले खाऊन राह्यले."

"सोमवारी देतो, डोमाजी."

"कोनत्या सोमवारी?"

रिबकाबाई देवळाच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, विश्वास म्हणजे थांबणं. मास्तर थांबतात, हे चांगलंच आहे."

"थांबते ना साहेब, मी बी थांबते. पण कचेरी पाच वाजता बंद होते. ते देवाले कोणी सांगितलं हाय का?"

पाळकसाहेब हसले. रिबकाबाई हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं होतं. शेजारणीच्या मुलानं लिहून दिलेलं, चार ओळींचं. शेवटची ओळ होती की चुलीशी हात पोळला, पण काळजी करू नये. ते पत्र त्यांनी मास्तरांना वाचून दाखवलं. मास्तरांचे डोळे भरले, आणि ते प्रार्थनेला बसले. "त्या वक्ती मले वाटलं," रिबकाबाई मला म्हणाल्या, "का उठून त्यायच्या हातातलं शास्त्र काढून घ्यावं आणि लेखणी द्यावी. आता देवानंच मले आवरलं म्हणा."

तेवीस तारखेचा रविवार शेवटचा. दुपारी मास्तर एका आजाऱ्याला भेटायला गेले. टोपी पाटावर होती. तिन्ही चिठ्ठ्या आधीच घडी करून आत टाकलेल्या होत्या. रिबकाबाईंनी एकेक उघडली. कोरी काढली आणि चुलीत घातली. उरलेल्या दोन होत्या तशा घडी करून ठेवल्या. मुंबई राज्याची वर ठेवावी असं मनात आलं, पण तेवढं केलं नाही. "मी देवाले फसवत नव्हती," त्या म्हणाल्या. "मी त्याले फक्त बोलायले लावत होती."

संध्याकाळी शीलानं डोळे घट्ट मिटून चिठ्ठी काढली आणि मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी उघडली.

"मध्य प्रदेश," ते म्हणाले. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "आमेन."

शीलानं आमेन म्हटलं. रिबकाबाईंच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. वरणात त्यांनी दोनदा मीठ घातलं.

सोमवारी सकाळी मास्तर टेबलाशी बसले. दौत उघडली, टाक बुडवला. रिबकाबाई दारात उभ्या. गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि जन्मभर त्यांना म्हणता आलं असतं की देवानं असं केलं. पण कोरी चिठ्ठी चुलीत घालणाऱ्या हातांनीच चहाचा कप टेबलावर ठेवायचा, हे त्यांच्यानं झालं नाही.

"थांबा जी. टोपीत तिसरी नव्हती. मी चुलीत घातली."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. रिबकाबाईंना वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. शाळेत मार बसणार हे कळलेल्या पोराचा होतो तसा.

"मग हे त्याचं उत्तर नाही," ते म्हणाले. "आता काय करायचं?"

"पुन्हा टोपी मांडता का? मांडा. पाच वाजेपर्यंत मांडा." रिबकाबाईंचा इतक्या दिवसांचा राग तिथं फुटला. "चार रविवार झाले. तुमाले काय पाहिजे, हे तुमी एकदा बी बोलले नाई. मी बोलली, डोमाजी बोलला, अनुसया बी बोलली. तुमीच तेवढे मुके. आता देवाले नका विचारू. मी विचारून राह्यली. तुमाले काय पाहिजे?"

मास्तर म्हणाले, "मला भंडाऱ्याला नाही जायचं."

"काहून?"

"शमुवेल इथं आहे."

शमुवेल त्यांचा पहिला मुलगा. अठ्ठेचाळीस साली घाटावरच्या बैहरला हिवतापानं गेला, चार वर्षांचा होऊन. जंगलखात्याच्या जीपमधून त्याला घाट उतरून आणलं आणि इथल्या ख्रिस्ती कबरस्तानात ठेवलं. हे रिबकाबाईंना कोणी सांगायला नको होतं. पण पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

"बैहरची बदली मी मागून घेतली होती," मास्तर म्हणाले. "तुला सांगितलं, सरकारनं केली. सरकारनं नाही केली. मी अर्ज दिला होता. हेडमास्तर व्हायला मिळत होतं ना. प्रार्थना नव्हती केली. न विचारता गेलो, आणि त्यानं पोरगा घेतला. तेव्हापासून..." त्यांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं.

रिबकाबाई खाली बसल्या. आठ वर्षं त्या ज्याला नवऱ्याची भक्ती समजत आल्या होत्या, ती भीती होती. कोऱ्या चिठ्ठीत मास्तरांना एक आडोसा मिळत होता. त्याच्यामागे उभं राहिलं की कोणी मारणार नाही.

"त्यानं घेतला?" त्या म्हणाल्या. "पोराच्या उशाशी कोण होतं? तुमी डाक्टर आणायले गेलते. मी होती. मले कोणी शिक्षा देणारा तिथं दिसला नाई. मी एकटी हाय असं बी मले वाटलं नाई. कोणीतरी माझ्यासंगं बसून होतं, आणि ते बी रडून राह्यलं होतं. त्याच्या भरवशावर मी दुसऱ्या दिवशी उठली. आणि तुमी त्यालेच घाबरून राह्यले?"

मास्तर रडले. मग त्यांनी फॉर्म रिबकाबाईंकडे सरकवला. "तूच लिही."

"मी नाई लिहीत!" रिबकाबाई पुन्हा तापल्या. "मी लिहिलं का पुन्हा मी तुमची टोपी झाली. तुमी लिहा. चुकलं तं चुकलं. तो सोडून जाणार हाय का आपल्याले? मग भेव कशाचं?"

मास्तरांनी टाक बुडवला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: मध्य प्रदेश. खाली सही केली. शाई वाळेपर्यंत थांबले, मग छत्री घेऊन शाळेत गेले.

"म्हणजे बघा," रिबकाबाई मला भिंतीवरून म्हणाल्या, "मीच त्यायले बोलायले लावलं, आणि मीच बुडाली."

मास्तर पुढच्याच आठवड्यात सासूला आणायला भंडाऱ्याला गेले. म्हातारी आली नाही. तिला न पाहता चालता येईल अशा वाटा तिथंच होत्या. विहीर, देऊळ, शेजारणीचं दार. मग रिबकाबाईच जाऊ लागल्या. महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा, छोट्या गाडीनं गोंदियापर्यंत आणि तिथून मोठ्या गाडीनं पुढं. गोंदियाला तासन्‌तास बसायचं. येताना ट्रंकेत आईची फाटकी लुगडी शिवायला आणायची. आठ वर्षं. जाताना रागावून आणि येताना थकून. इकडे मास्तरांचा मराठीचा वर्ग आटत गेला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिंदीची परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. मुलांची हिंदी त्यांच्यापेक्षा चांगली होती आणि मुलं ते लपवतही नसत. एकदाही ते "देवाची मर्जी" म्हणाले नाहीत. रिबकाबाईंना पोचवायला आणि घ्यायला मात्र ते दर खेपेला स्टेशनवर असायचे. गाडीला चार तास उशीर झाला तरी.

चौसष्ट साली पोळ्याच्या सुमारास तार आली. रिबकाबाई मिळेल त्या गाडीनं निघाल्या. छोटी गाडी वाटेत अडली, गोंदियाची पुढची गाडी चुकली. त्या भंडाऱ्याला पोचल्या तेव्हा आईला मातीत ठेवून लोक परत येत होते.

परत आल्या त्या दिवशी मी भिंतीशी होते. मास्तरांनी स्टेशनवरून ट्रंक उचलून आणली होती. रिबकाबाई अंगणातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की अख्ख्या ओळीनं ऐकलं, "तुमच्या सहीनं झालं हे! तुमच्या एका सहीनं मले माझ्या मायचं तोंड दिसलं नाई!"

मला वाटलं, आता मास्तर ते ठरलेलं बोलतील. त्या घरात, त्या मंडळीत, अशा वेळी सगळेच जे बोलतात ते. मास्तरांनी ट्रंक खाली ठेवली.

"हौ," ते म्हणाले. "माझ्या सहीनं."

 रिबकाबाई पायरीवर बसल्या आणि इतका वेळ न आलेलं रडं त्यांना आलं. मास्तर शेजारी बसले. प्रार्थना केली नाही. तिन्हीसांजेला रिबकाबाईच म्हणाल्या, "कंदील लावा. प्रार्थनेले बसू."

पुढं कधीतरी त्या मला म्हणाल्या, "त्या दिवशी त्यायनं देवावर ढकललं असतं ना, तं मी दोघायले बी माफ केलं नसतं. त्यायले बी, आणि देवाले बी."

एकोणसत्तर साली शीलाला स्थळ आलं, छिंदवाड्याचं. मास्तरांनी शीलाला विचारलं, रिबकाबाईंना विचारलं, मग तिघं मिळून प्रार्थनेला बसले. प्रार्थना संपली तशी मास्तरांनी पोस्टकार्ड काढलं आणि होकार लिहायला घेतला. रिबकाबाई तावातावानं भिंतीशी आल्या.

"पाहा बाई! पोरीच्या जन्माचा सवाल, आणि हे बसल्या बैठकीत लिहून मोकळे. एवढी घाई काहून जी?"

आतून मास्तरांचा आवाज आला, "पाच वाजता डाक निघते, रिबका."