तिसरी दिलगिरी

बातमीदाराकडे किस्से साठतात ते पायरीवर शेवाळ साठतं तसे. कोणी लावत नाही, कोणी खरवडत नाही; आणि एक दिवस त्यांच्यावरून आपणच घसरतो.

कोर्ट, कचेरी आणि बंदर यांच्या बातम्या लिहून मी निम्म्या रत्नागिरीशी वैर जोडलं. पण खरी भांडणं झाली ती सामान्यज्ञानावरून! पन्नासच्या दशकात आमच्या साप्ताहिकात मी 'सांगा पाहू' हे सदर चालवत असे. या आठवड्यात प्रश्न, पुढच्या आठवड्यात उत्तरं. बी. ए. झालेल्या माणसाला किड्यांचे पाय मोजायला बसवलं म्हणून आधी मी संपादकांशी कडाकडा भांडलो. वर्षभरात लोक पहिलं पान सोडून माझं सदर वाचू लागले, आणि मग मी ते टिकावं म्हणून भांडू लागलो.

कारण संपादक तात्यांनी अट घातली होती. "वीस वर्षांत मी एकही दिलगिरी छापलेली नाही. तुझ्यापायी तीन छापीन. तिसरीबरोबर सदर बंद!"

*

पहिली लगेच आली. 'जगातला सर्वांत मोठा मासा कोणता?' मी उत्तर दिलं, 'देवमासा.' 

अंक निघाला त्याच दिवशी दाऊदचाचा कचेरीत हजर. तीस वर्षं बोटीवर काढलेला खलाशी.

"अवो बातमीदार, मासा कधी पोराला दूध पाजतो काय?"

"चाचा, तुम्ही देवमाशाला दूध पाजताना पाहिलंत?"

"नाय. पन तो पाण्यावर श्वास घ्यायला येतो, ते पाहिलाय. तुम्ही काय पाहिलात?"

मी पुस्तक पाहिलं. दिलगिरी एक!

*

मग प्रश्न टाकला, 'आपल्या गावात नजरकैदेत ठेवलेला राजा कुठल्या देशाचा?' पत्रांचा ढीग पडला. 'ब्रह्मदेश' एवढंच लिहायचं होतं; ते फार थोड्यांनी लिहिलं. बाकी प्रत्येकाच्या आजोबांनी राजाला आंबे नेऊन दिले होते. कोणी पायरी, कोणी हापूस, एकाने तर फणस.

सगळी पत्रं वाचून तात्यांनी चष्मा काढला. "हा राजा कैदेत होता की पाहुणचाराला?"

*

एकदा उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य दिलं. 'ती होडी जाडी होती.' मिरकरवाड्याच्या एका होड्या बांधणाऱ्या सुताराचं पत्र आलं. 'होडी जाडी नसते. फळी जाडी असते. चूक सुधारावी.'

दिलगिरीची वेळ येते की काय म्हणून मी तातडीने कार्ड टाकलं, 'कृपया वाक्य उलटं करून पाहा.'

उलट टपाली उत्तर आलं, 'उलटी केली तर बुडेल.'

तात्या इतके हसले की दिलगिरी राहून गेली.

*

दुसरी मात्र टळली नाही. 'कोयनेचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं?' उत्तर, 'बंगालचा उपसागर.' कोयना कृष्णेला, कृष्णा उपसागराला. नकाशा समोर ठेवून लिहिलं होतं!

पोफळीहून कोयना वीजप्रकल्पावरच्या एका ओव्हरसियरचं पत्र आलं. 'आपलं उत्तर तूर्त बरोबर आहे. आमचं काम पुरं झालं की पाणी बोगद्यातून इकडे उतरवून अरबी समुद्रात सोडू. वाचकांना तसं कळवावं.'

"तात्या, ही माझी चूक नव्हे! भूगोलच बदलतायत ते!"

"मग आगाऊ दिलगिरी छापू," तात्या म्हणाले. आणि छापली!

*

उरली शेवटची. 'विंचवाला पाय किती?' मी छापलं, 'आठ.' चार दिवसांनी आंब्याच्या बागांचे मालक बापू मयेकर कचेरीत आले आणि बिस्किटांचा डबा टेबलावर आदळला.

"दहा आहेत! दिलगिरी छापा!"

"बापू, पुढचे दोन चिमटे असतात. पाय नव्हेत."

"खेकड्याचे दहा मोजता ना? मग विंचवाने काय घोडं मारलंय?"

पलीकडे जुळारी युसूफभाई छपाईचे खिळे जुळवत होते. अंक छपाईला जायचा होता, फक्त माझ्या चौकटीची जागा रिकामी होती. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, काय लावू? खुलासा की दिलगिरी?"

"मोजू या," तात्या म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.

विंचू जिवंत होता! तो डब्याच्या कडेवरून सरळ जमिनीवर उतरला. पुढच्या क्षणी तात्या टेबलावर, मी खुर्चीवर आणि बापू कागदाच्या रिमांच्या थप्पीवर. युसूफभाईंनी फक्त पाय वर घेतले.

"आठ!" मी ओरडलो.

"दहा!" बापू छताजवळून ओरडले.

"इथून दिसत नाहीत," तात्या म्हणाले. "जो खाली उतरून मोजील, त्याचं खरं."

विंचू मधोमध उभा होता, नांगी वर करून. मी सदराचा विचार केला, धोतर वर खोचलं आणि एक पाय खाली टाकला. मग दुसरा. ओणवा होऊन मोजू लागलो, "एक... दोन... तीन..."

विंचू माझ्याकडे पाठ करून वळला आणि थेट रिमांच्या थप्पीवर चढू लागला.

"आठ!" वरून बापू किंचाळले. "आठच आहेत हो! छापा, छापा!"